आंद्रे माल्रो : कादंबरीकाराचे मंत्रालय

१९५९ च्या जानेवारीत फ्रान्सच्या पाचव्या प्रजासत्ताकाचे पहिले मंत्रिमंडळ मिशेल दब्रे याच्या पंतप्रधानपदाखाली अधिकारावर आले, तेव्हा त्यात सांस्कृतिक व्यवहार या नावाचे एक नवे खाते दाखल झाले. १८८१ मध्ये गाँबेत्ताच्या मंत्रिमंडळात निर्माण झालेले आणि जेमतेम अडीच महिने टिकलेले कलामंत्रालय सोडले, तर ललित कलांचा कारभार फ्रान्समध्ये परंपरेने शिक्षण खात्याचा एक विभाग म्हणूनच चालत आला होता. तो विभाग तेथून उचलून, त्याला उद्योग खात्याकडील चित्रपट केंद्राची जोड देऊन हे नवे खाते उभे करण्यात आले. त्यामागे कोणतीही पूर्वनियोजित सांस्कृतिक भूमिका नव्हती. राष्ट्राध्यक्ष शार्ल द गॉल याला आंद्रे माल्रो मंत्रिमंडळात हवा होता, आणि त्याच्या योग्यतेचे म्हणावे असे एकही खाते रिकामे नव्हते, हे त्यामागचे खरे कारण. खात्यासाठी माणूस शोधण्याचा नेहमीचा क्रम येथे उलटा झाला. पुढील दहा वर्षांत या खात्याला जे यश लाभले आणि ज्या मर्यादा पडल्या, त्या दोहोंचे मूळ या उलट्या क्रमात शोधावे लागते.

माल्रोचा जन्म ३ नोव्हेंबर १९०१ रोजी पॅरिसमध्ये झाला. आईवडील विभक्त झाल्यानंतर त्याचे बालपण पॅरिसजवळच्या बाँदी या गावी आई आणि आजी यांच्या सहवासात, किराणा मालाच्या दुकानाच्या आधाराने गेले. माध्यमिक शिक्षणाची शेवटची परीक्षा त्याने कधी दिली नाही आणि विद्यापीठाची पायरीही चढला नाही. जुन्या व दुर्मिळ ग्रंथांच्या व्यापारात त्याने उमेदवारी केली. वाचनालये, वस्तुसंग्रहालये आणि पुस्तकांची दुकाने हीच त्याची पाठशाळा होती. फ्रान्ससारख्या, परीक्षांच्या शिडीवरून उच्चपदे वाटणाऱ्या देशात अशा माणसाने मंत्री व्हावे ही घटना असाधारण म्हटली पाहिजे. कलेच्या दर्शनाला शिक्षकाची मध्यस्थी लागत नाही, हा त्याचा पुढील आयुष्यातील ठाम विश्वास या स्वयंशिक्षणातूनच आला असावा.

१९२३ साली पत्नी क्लारा व एक मित्र यांच्यासह तो फ्रेंच इंडोचायनात गेला. कंबोडियातील बान्तेय स्रेइ हे दहाव्या शतकातील शिवमंदिर त्या वेळी रानात पडझडीच्या अवस्थेत होते. त्याच्या भिंतींवरील देवतामूर्ती करवतीने कापून, पेट्यांत भरून त्या नेत असता डिसेंबरमध्ये नॉम पेन्ह येथे ही मंडळी पकडली गेली. मंदिर संरक्षित वास्तूंच्या यादीत नाही, तेव्हा गुन्हा घडलाच नाही, असा बचाव वकिलांनी मांडला. जुलै १९२४ मध्ये न्यायालयाने माल्रोला तीन वर्षांची शिक्षा सुनावली. क्लाराने पॅरिसला परतून लेखकांच्या सह्या गोळा केल्या आणि सैगॉन येथील अपिलात ती शिक्षा एक वर्षावर, तीही स्थगित, अशी उतरली. शिल्पे यथावकाश मंदिरात परत बसविली गेली. या प्रकरणाचा उल्लेख माल्रोचे टीकाकार हमखास करतात. त्याचे चाहते ते तारुण्यातील साहस म्हणून सोडून देतात. दोन्ही पक्षांनी लक्षात घ्यावी अशी बाब वेगळीच आहे. यादीत नसलेले मंदिर कोणाचेच नसते, हा युक्तिवाद ज्याच्या वतीने केला गेला, त्यानेच मंत्री म्हणून १९६४ साली, कलेतिहासकार आंद्रे शास्तेल याच्या साहाय्याने, फ्रान्समधील वास्तू व कलावस्तूंची सर्वसाधारण नोंदणी सुरू केली. प्रचंड प्रार्थनामंदिरापासून खेड्यातील लहानशा कलावस्तूपर्यंत सर्व काही नोंदविण्याचा तो उपक्रम होता.

खटल्यामुळे वसाहतीच्या राज्याचे जे रूप माल्रोला दिसले, त्याने तो १९२५ मध्ये पुन्हा सैगॉनला गेला आणि पॉल मोनँ या वकिलाबरोबर त्याने वसाहतवादी प्रशासनावर टीका करणारे वृत्तपत्र चालविले. 'ले काँकेराँ' (१९२८), 'ला व्ह्वा र्‍वायाल' (१९३०) आणि गाँकूर पारितोषिक मिळविणारी 'ला काँदिसियाँ ह्युमेन' (१९३३) या कादंबऱ्यांनी त्याला तिशीच्या आसपास कीर्ती मिळवून दिली. मृत्यू अटळ आहे हे जाणून कृतीत स्वतःला झोकून देणारा नायक, हे या कादंबऱ्यांचे केंद्र. पुढे सार्त्र आणि काम्यू यांनी ज्या प्रश्नांना तात्त्विक रूप दिले, ते प्रश्न माल्रोने कथनातून आधीच उभे केले होते. चीनमधील क्रांतीत त्याने प्रत्यक्ष भाग घेतला असा समज या कादंबऱ्यांमुळे पसरला आणि तो त्याने कधी नीटसा खोडून काढला नाही. वस्तुतः १९२५ मध्ये छपाईचे खिळे आणण्यासाठी हाँगकाँगपर्यंत झालेला प्रवास हाच तोपर्यंतचा त्याचा चीनशी संबंध होता. स्पेनच्या यादवी युद्धात मात्र त्याने १९३६ मध्ये प्रजासत्ताकाच्या बाजूने विमानांचे पथक उभारले, आणि त्या अनुभवावर 'लेस्प्वार' (१९३७) ही कादंबरी व पुढे एक चित्रपट निर्माण केला. दुसऱ्या महायुद्धात तो १९४० मध्ये जर्मनांच्या कैदेत सापडला, निसटला आणि प्रतिकार चळवळीत उशिरा, १९४४ मध्ये, कर्नल बेर्जे या टोपणनावाने उतरला. दोन्ही सावत्र भाऊ त्या युद्धात बळी पडले. दोन मुलांची आई असलेली सहचरी जोझेत क्लोती त्याच वर्षी रेल्वेच्या अपघातात मरण पावली.

युद्ध संपता संपता झालेली द गॉलची भेट माल्रोच्या आयुष्याला वळण देणारी ठरली. १९४५ च्या नोव्हेंबरपासून दोन महिने तो द गॉलच्या सरकारात माहितीमंत्री होता. १९४७ नंतर द गॉलच्या पक्षाच्या प्रचाराची सूत्रे त्याच्याकडे होती. डाव्यांचा आवडता कादंबरीकार उजव्या बाजूला गेला याचा संताप डाव्या लेखकांत दीर्घकाळ टिकला. याच काळात कादंबरी मागे पडली आणि कलेवरील त्याचे ग्रंथ पुढे आले. काल्पनिक संग्रहालयाची कल्पना १९४७ मध्ये आणि 'ले व्ह्वा द्यु सिलाँस' हा ग्रंथ १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला. छायाचित्रणामुळे सर्व देशांची, सर्व काळांची शिल्पे व चित्रे प्रथमच एका पुस्तकाच्या पानांवर शेजारी शेजारी आली. मूळ स्थानापासून व विधीपासून सुटून देवमूर्ती शिल्प झाली. आणि या रूपांतरातच आधुनिक माणसाचा कलेशी संबंध जडला, हा त्या विचाराचा गाभा. कलावस्तू काळाशी व मृत्यूशी झगडते, म्हणून कोणत्याही युगातील कोणत्याही माणसाशी ती थेट बोलू शकते, असे तो मानीत असे. पुढील दहा वर्षांतील मंत्रालयाचे बरेचसे निर्णय या सौंदर्यविचाराशी पडताळून पाहिले म्हणजे उलगडतात.

२४ जुलै १९५९ च्या शासकीय आदेशाने खात्याचे कार्य निश्चित केले. मानवजातीच्या, आणि प्रथम फ्रान्सच्या, श्रेष्ठ कलाकृती शक्य तितक्या अधिक फ्रेंच लोकांच्या आवाक्यात आणणे, सांस्कृतिक वारशाला व्यापक श्रोतृवर्ग मिळवून देणे आणि नव्या निर्मितीस उत्तेजन देणे, अशा आशयाचा तो मजकूर आहे. शिक्षणाचा त्यात उल्लेख नाही, आणि हे अनवधानाने घडलेले नाही. कलाकृतींविषयी ज्ञान देणे हे विद्यापीठाचे काम, त्या प्रिय व्हाव्यात हे आपल्या खात्याचे काम, अशी विभागणी माल्रोने जाणीवपूर्वक केली. परिणामी शाळा आणि ग्रंथालये शिक्षण खात्याकडे राहिली, तर युद्धोत्तर काळात जोमाने वाढलेली लोकशिक्षणाची चळवळ युवक व क्रीडा विभागाकडे गेली. साहित्याच्या अभ्यासकाने येथे थोडे थांबावे. शतकातील एका मोठ्या कादंबरीकाराच्या मंत्रालयात सर्वांत कमी स्थान मिळाले ते पुस्तकाला. ग्रंथव्यवहारासाठी या मंत्रालयात स्वतंत्र संचालनालय निघाले ते १९७५ साली, माल्रो पायउतार होऊन सहा वर्षे झाल्यावर.

पैसा अपुरा होता. राज्याच्या एकूण अंदाजपत्रकाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी रक्कम या खात्याच्या वाट्याला येई, आणि अर्थखात्याशी दरवर्षी झगडावे लागे. अनुभवी अधिकारी या नवख्या खात्यात यायला उत्सुक नव्हते. ही उणीव एका अनपेक्षित मार्गाने भरून निघाली. आफ्रिकेतील वसाहती स्वतंत्र होत असल्याने तेथील फ्रेंच प्रशासक मायदेशी परतत होते. त्यांपैकी अनेकांना या खात्याने सामावून घेतले. एमील बियाझिनी हा त्यांच्यातला प्रमुख. साहित्यसमीक्षक गाएताँ पिकाँ याच्याकडे कला व साहित्य विभागाचे संचालनालय होते. दैनंदिन कारभार या दोघांनी वाहिला. माल्रो मंत्रिमंडळात द गॉलच्या उजव्या हाताला बसे, भाषणे करी आणि दिशा दाखवी. हे दोन्ही सहकारी १९६६ मध्ये खात्यातून बाहेर पडले आणि त्यानंतर मंत्रालयाची गती स्पष्टपणे मंदावली. त्याच वर्षी संगीत विभाग मार्सेल लांदोव्स्कीकडे सोपविल्याने पियेर बुलेझ हा श्रेष्ठ आधुनिक संगीतकार संतापून सरकारी संगीतव्यवहारापासून दूर झाला.

संस्कृतिभवने ही माल्रोची सर्वांत महत्त्वाकांक्षी योजना. प्रत्येक जिल्ह्यात असे एक भवन असावे, निम्मा खर्च सरकारने व निम्मा नगरपालिकेने करावा, एकाच छपराखाली नाटक, संगीत, चित्रपट व चित्रप्रदर्शन असावे आणि जे दाखविले जाईल ते सर्वोत्तमच असावे, असा आराखडा होता. १९४४ च्या बाँबवर्षावात बेचिराख झालेल्या ल आव्र या बंदराच्या शहरात, समुद्राकडे तोंड केलेल्या काच व पोलादाच्या नव्या संग्रहालयात, १९६१ च्या जूनमध्ये पहिले भवन सुरू झाले. पुढे काँ, बूर्ज, आमियाँ आणि १९६८ मध्ये ग्रनोब्ल येथील भवने उघडली. माल्रो या वास्तूंची तुलना मध्ययुगीन कॅथीड्रलशी करी. धर्माचा आधार सुटलेल्या यंत्रयुगात स्वप्ने पुरविण्याचा धंदा करमणुकीच्या कारखान्यांनी ताब्यात घेतला आहे. त्यांच्या तोडीस तोड उभे राहू शकेल असे केवळ मृत्यूवर मात केलेल्या कलाकृतींपाशीच आहे, अशी मांडणी तो उद्घाटनप्रसंगी करीत असे. जिल्हे नव्वदांहून अधिक होते. माल्रोच्या कारकिर्दीत प्रत्यक्षात उभी राहिलेली भवने दहाच्या आतबाहेर. नगरपालिकांशी खटके उडाले, आणि करदात्यांच्या पैशातून प्रायोगिक नाटके का दाखवायची, हा प्रश्न महापौरांनी वारंवार विचारला.

जुन्या वास्तूंच्या बाबतीत मात्र त्याचे काम निर्विवाद टिकले. आरोग्याला अपायकारक म्हणून शहरांतील जुने भाग सरसकट पाडावेत असा त्या काळचा नगररचनेचा कल होता. संरक्षण होते ते एकेकट्या स्मारकाला. ४ ऑगस्ट १९६२ च्या कायद्याने संपूर्ण वस्ती, म्हणजे गल्ल्या, अंगणे, साधी घरे यांसह सगळा परिसर, संरक्षित क्षेत्र म्हणून घोषित करता येऊ लागला. लिआँची जुनी पेठ, पॅरिसमधील मारे हा भाग, सार्ला हे मध्ययुगीन गाव यांचे आजचे रूप या कायद्याने वाचविलेले आहे. व्हर्साय, लूव्ह्र, फाँतेनब्लो, शाँबोर इत्यादींच्या दुरुस्तीसाठी त्याच वर्षी वेगळा कायदा झाला. पॅरिसच्या काजळलेल्या इमारती धुऊन काढण्यात आल्या आणि काळे शहर पुन्हा पांढरे दिसू लागले. या जीर्णोद्धाराची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. मारेमधील घरे सुधारली तसे भाडे वाढले आणि तेथे पिढ्यानुपिढ्या राहणाऱ्या कारागिरांना व गरीब भाडेकरूंना ती वस्ती सोडावी लागली. दगड राखण्याची तरतूद कायद्यात नीट होती. माणसे राखण्याची तितकीशी नव्हती.

मंत्र्याचे काही निर्णय थेट त्याच्या अभिरुचीतून आले. पॅरिसच्या ऑपेराचे छत शागालकडून (१९६४) आणि ओदेओं नाट्यगृहाचे मासोंकडून रंगवून घेताना त्याने जुन्या वास्तूत आधुनिक चित्र शिरल्याची ओरड सहन केली. लूव्ह्रच्या अभिरक्षकांचा विरोध डावलून त्याने मोनालिसा बोटीने अमेरिकेला पाठविली. १९६३ च्या आरंभी वॉशिंग्टन व न्यूयॉर्क येथे दहा लाखांहून अधिक लोकांनी ती पाहिली. १९६४ मध्ये मिलोची व्हीनस जपानला गेली. १९६७ चे तूतनखामेनचे प्रदर्शन पाहण्यासाठी पॅरिसमध्ये बारा लाखांच्या आसपास लोक रांगा लावून आले. गर्दी हा आपल्या सिद्धान्ताचा पुरावा आहे, असे माल्रोला वाटे. पण १९६६ साली पियेर बुर्दिय आणि आलँ दार्बेल यांनी संग्रहालयांच्या प्रेक्षकांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातून निघालेला निष्कर्ष नेमका उलट होता. संग्रहालयात कोण जातो हे प्रामुख्याने शालेय शिक्षणावर ठरते. प्रवेश स्वस्त केला तरी ज्याला पाहण्याची भाषा शिकविलेली नाही तो दारातच बिचकतो. म्हणजे शिक्षण आणि संस्कृती यांच्यात माल्रोने १९५९ मध्ये जी रेघ ओढली होती, तिच्यावरच हा घाव होता. आत्मबळावर शिकलेल्या माणसाने आपला अपवाद हाच नियम मानला, असे या संदर्भात म्हणावेसे वाटते.

लेखकाचे स्वातंत्र्य आणि मंत्र्याचे सामुदायिक उत्तरदायित्व यांतील ताण या कारकिर्दीत सतत जाणवतो. अल्जीरियातील छळाचे वर्णन करणाऱ्या आँरी आलेगच्या पुस्तकाच्या जप्तीविरुद्ध १९५८ च्या वसंतात सार्त्र व मोरियाक यांच्याबरोबर माल्रोनेही निषेध केला होता. दोनच वर्षांनी अल्जीरियातील युद्धास नकार देण्याच्या हक्काचे समर्थन करणारे १२१ जणांचे पत्रक निघाले आणि सही करणाऱ्यांना सरकारी नभोवाणी व अनुदानित रंगभूमी यांचे दरवाजे बंद झाले, तेव्हा तो त्याच सरकारचा मंत्री होता. सह्या करणाऱ्यांत त्याची मुलगी फ्लोराँस हीदेखील होती. दुसऱ्या बाजूने, अल्जीरिया फ्रेंचच राहावा म्हणून घातपात करणाऱ्या गुप्त संघटनेने फेब्रुवारी १९६२ मध्ये त्याच्या राहत्या घरी बाँब ठेवला. जखमी झाली ती त्याच इमारतीतील एक चार वर्षांची मुलगी. त्याच्या आदल्या वर्षी मे महिन्यात त्याचे दोन्ही मुलगे मोटार अपघातात एकाच वेळी गेले होते. त्यानंतरच्या वर्षांत खात्याकडे त्याचे लक्ष सलग राहिले नाही, हे समजण्याजोगे आहे.

१९६६ मध्ये ओदेओं या सरकारी नाट्यगृहात जाँ लुई बारोने जाँ जनेचे 'ले पाराव्हाँ' सादर केले. अल्जीरियातील फ्रेंच सैन्याची विटंबना झाल्याचे सांगून माजी सैनिकांनी प्रयोगात दंगा केला. ऑक्टोबरमध्ये संसदेत अनुदान कापण्याची मागणी झाली. माल्रोने उत्तरात नाटकाची भलावण केली नाही. त्यातील काही भाग किळसवाणा आहे हे त्याने नाकारले नाही; परंतु हाच निकष लावला तर गोया आणि बोदलेरही बाद होतील, हे त्याने दाखवून दिले आणि अनुदान राखले. मंत्री म्हणून त्याने केलेल्या कामांत हा क्षण फार वरचा आहे. त्याच वर्षी रिव्हेतच्या 'ला रलिजिअज' या चित्रपटावर माहिती खात्याने बंदी घातली, तेव्हा मात्र त्याने उघड विरोध केला नाही. चित्रपट कान महोत्सवास जाण्याला आडकाठी केली नाही, एवढेच. गोदारने त्याच्यावर जाहीर पत्रातून कडवट हल्ला चढविला.

१९६८ मध्ये हे सारे ताण एकदम तुटले. फेब्रुवारीत सिनेमातेकचा संस्थापक आँरी लांग्ल्वा याला दूर करण्याचा निर्णय झाला आणि त्र्युफो, गोदार, रन्वार यांच्यासह देशोदेशीचे दिग्दर्शक विरोधात उभे राहिले. एप्रिलमध्ये सरकारने माघार घेतली. मे महिन्यात विद्यार्थ्यांनी ओदेओं ताब्यात घेतले. बारो त्यांच्याशी बोलला म्हणून पुढे त्याला पद गमवावे लागले, आणि ज्याला माल्रोनेच १९५९ मध्ये तेथे बसविले होते त्याला अशा रीतीने घालविणे हे त्याच्या कारकिर्दीवरचे लांच्छन राहिले. याच मे महिन्यात व्हिल्यरबान येथे जमलेल्या नाट्यगृहांच्या व संस्कृतिभवनांच्या संचालकांनी एक निवेदन काढले. आपल्या दारात कधीच न येणारा विशाल समाज हा अद्याप न मिळालेला प्रेक्षक नसून या संस्कृतीतून वगळला गेलेला समाज आहे, ही कबुली त्यात होती. माल्रोच्याच संस्थांतून आलेली ही टीका बुर्दियच्या आकडेवारीपेक्षा अधिक झोंबणारी होती.

२७ एप्रिल १९६९ च्या सार्वमतात द गॉल हरला आणि पायउतार झाला. जूनमध्ये माल्रोनेही पद सोडले. त्याची जागा एदमाँ मिशले याने घेतली.

भारताशी असलेला माल्रोचा संबंध केवळ शिष्टाचाराचा नव्हता. १९५८ च्या अखेरीस द गॉलचा दूत म्हणून तो दिल्लीत नेहरूंना भेटला. १९६० मध्ये पॅरिसच्या पती पालेमध्ये भारतीय कलेचे मोठे प्रदर्शन भरले. १९६५ मध्ये प्रकृती ढासळल्यामुळे तो 'कांबोज' नावाच्या बोटीने पूर्वेकडे निघाला, आणि त्या प्रवासात लिहू लागलेल्या 'आँतिमेम्वार' (१९६७) या ग्रंथात नेहरूंशी झालेल्या संवादांबरोबर वेरूळ आणि घारापुरी यांविषयी विस्ताराने लिहिले गेले. त्या ग्रंथात स्मृती व कल्पित यांची सरमिसळ आहे, त्यामुळे चरित्रसाधन म्हणून तो जपूनच वापरावा लागतो. मात्र घारापुरीच्या लेण्यातील त्रिमुखी शिवासमोरचा माल्रो विशेष अर्थपूर्ण आहे. ती मूर्ती उचलून नेता येत नाही; डोंगर, अंधार आणि गाभारा यांच्यापासून तिला सोडविता येत नाही. काल्पनिक संग्रहालयाच्या उपपत्तीला ज्या ठिकाणी अडखळावे लागते असे हे स्थळ आहे, आणि तेथे त्याचे लेखन सिद्धान्त सोडून विस्मयाकडे वळते. १९७१ मध्ये, सत्तरीच्या उंबरठ्यावर, बांगलादेशाच्या मुक्तिलढ्यात उतरण्याची तयारी त्याने जाहीर केली होती. १९७२ या वर्षासाठीचा आंतरराष्ट्रीय सामंजस्याचा नेहरू पुरस्कार त्याला मिळाला.

२३ नोव्हेंबर १९७६ रोजी माल्रोचे निधन झाले. वीस वर्षांनी, त्याच तारखेला, त्याचे अवशेष पाँतेआँमध्ये हलविण्यात आले. प्रतिकार चळवळीतील हुतात्मा जाँ मूलँ याचे अवशेष तेथे आणताना १९६४ च्या डिसेंबरमध्ये माल्रोनेच भाषण केले होते. तोवर मंत्रालय पार बदलले होते. १९८१ मध्ये मित्तराँचे समाजवादी सरकार आल्यावर जॅक लाँगने पुढील वर्षी अंदाजपत्रक दुप्पट करून घेतले आणि खात्याच्या कार्याची व्याख्याही नव्याने लिहिली. श्रेष्ठ कृती लोकांपर्यंत नेण्याऐवजी प्रत्येक नागरिकाची निर्मितिक्षमता जोपासणे हे तिचे पहिले कलम झाले. शाळेत कलाशिक्षण कोणी आणि किती द्यावे, याविषयीची शिक्षण खात्याशी बोलणी मात्र लाँगलाही नव्याने सुरू करावी लागली.